सोंगाड्यावर उठलेला हात कुणाचा?

(सोलापुरात तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



विषय काय घेणार म्हणून तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, विनोदावर बोलतो. तुमच्यातली दोघं-तिघं एकमेकांकडं बघायला लागली. पोरं डिग्र्या घेऊन कंत्राटावर राबतायत, स्कॉलरशिपसाठी हेलपाटे घालतायत, आणि ह्याला हसणं सुचतंय! बरोबर आहे तुमचं. पण मी इथं तुम्हाला हसवायला आलो नाही. हसवणाऱ्या एका माणसाला तुमच्या गावात मार बसला, त्याचा हिशोब मांडायला आलोय.

तारीख २ फेब्रुवारी २०२५. ठिकाण सोलापूर, '२४ के क्राफ्ट ब्रूज' नावाचं हॉटेल. प्रणित मोरे नावाचा मुंबईचा पोरगा तिथं स्टँडअप कॉमेडी करायला आला होता. स्टँडअप म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एक माणूस, एक माईक. ना ढोलकी, ना पेटी, ना मागं झीलकरी. एकट्यानं उभं राहायचं, तासभर बोलायचं आणि समोरच्याला हसवायचं. खेळ संपला. लोक फोटो काढायला जमले. त्या गर्दीत फोटोच्याच निमित्तानं दहा-बारा जण आले आणि त्यांनी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. पुढच्या खेपेला त्या नटावर जोक मारून दाखव, अशी धमकीही दिली, असं त्याच्या बरोबरच्या लोकांनी जाहीर निवेदनात सांगितलं.

तो नट कोण? वीर पहारिया. त्याचा पहिला सिनेमा 'स्काय फोर्स' आठवडाभर आधीच पडद्यावर आला होता. आणि हा नट म्हणजे सुशीलकुमार शिंद्यांचा नातू, लेकीचा मुलगा. म्हणजे जोक झाला सिनेमातल्या पोरावर, आणि मार पडला त्याच्या आजोबांच्या गावात.

नटानं काय केलं? त्यानं लगेच जाहीर केलं की या मारहाणीशी माझा काडीचा संबंध नाही, हे वाईट झालं. त्यानं माफीही मागितली. मी त्याचं म्हणणं खरं धरून चालतो. पण ते खरं धरलं की प्रश्न सुटत नाही, तो आणखी अवघड होतो. ज्याच्यावर जोक झाला तो म्हणतो, मला राग नाही. आणि ज्यांचं नाव त्या जोकात कुठंच नाही, त्यांचं डोकं फिरलं! मग हा राग आला कुठून? कुणाच्या कणगीतून काढला?

याला मी उसना राग म्हणतो. आज मला बोलायचंय ते एवढ्याच उसन्या रागाबद्दल.

उसने पैसे आणले तर फेडावे लागतात. उसना राग आणला तरी फेडावा लागतो. फरक एवढाच की ज्याचा राग तो घरी बसतो, आणि फेडायला पोलीस ठाण्यात उभं राहावं लागतं ते मारणाऱ्या पोराला. मारणाऱ्यांची जात मला काढायची नाही. जात कुठलीही असो, हे काम जुनं आहे. किती जुनं, ते बघा.

तमाशातला सोंगाड्या आठवा. गण झाला, गवळण झाली, की बतावणीला उभा राहायचा तो. वेडगळ कपडे, तिरकी टोपी, तोंडावर भोळा भाव. सरदारानं विचारायचं आणि यानं उलटं उत्तर द्यायचं. पाटील, सावकार, तलाठी, भटजी, फौजदार, एकालाही सोडायचा नाही. काळू-बाळू कवलापूरकरांनी हवालदारांची जोडगोळी उभी केली आणि खाकी वर्दीला सगळा महाराष्ट्र हसला. फौजदारापुढं ज्याची चड्डी ओली व्हायची, तो माणूस तंबूत बसून फौजदारावर खदखदून हसायचा. त्या रात्रीपुरता तरी तो मोकळा व्हायचा.

आणि हे हसू पिकवणारे कोण होते? महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी. गावानं ज्यांची सावली टाळली, त्यांनीच गावाला पोट धरून हसवलं. सोलापूरला तर हे जास्त ठाऊक असायला हवं. इथं सेटलमेंट होती. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात कोंडल्या. रोज हजेरी. स्वातंत्र्य आलं १९४७ साली, पण या माणसांचा कायदा सुटला ३१ ऑगस्ट १९५२ ला. गावोगाव फिरून खेळ करणारा माणूस सरकारला चोरच वाटायचा. ज्याला घर नाही, त्याची भीती वाटते. ज्याला बोलता येतं, त्याची त्याहून जास्त.

याच सोलापूरचा पेशवाईच्या अखेरीचा शाहीर रामजोशी. जातीनं ब्राह्मण. तमाशात गेला, घरच्यांचा रोष घेतला, ते त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. पण १९४७ साली त्याच्यावर सिनेमा निघाला, 'लोकशाहीर रामजोशी'. ब्राह्मण तमाशात गेला की लोकशाहीर. महार-मांग तमाशात गेला की तमासगीर. आणि त्याची बाई असली तर नाचीच! पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांनी जन्मभर महाराष्ट्राला डोलवलं. राष्ट्रपतींच्या हातून पदकं घेतली. आणि २००२ साली गेल्या त्या पैशापाण्याच्या विवंचनेतच. हसवणाऱ्याला, रिझवणाऱ्याला टाळी देणारी ही व्यवस्था त्याला खुर्ची कधी देत नाही.

आता एक आमच्या घरातली गोष्ट. माझा आजा एका फडात हलगी वाजवायचा. एका गावच्या जत्रेची दोन रात्रींची सुपारी होती. पहिल्या रात्री सोंगाड्यानं पाटलाच्या पागोट्यावर कोटी केली. लोक लोळले. पाटीलही हसला. नुसता हसला नाही, त्यानं दौलतजादा केली, त्याचं नाव पुकारलं गेलं. पहाटे फड झोपला आणि चार गडी आले. सोंगाड्याला बाहेर ओढून त्यांनी गुरासारखा बडवला. आजा सांगायचा, ते गडी पाटलाच्या वाड्यावर वेठीला राबणारे. त्यांची पोरंही अर्धपोटी निजायची. तासाभरापूर्वी त्याच कोटीवर तेही हसले होते. दुसऱ्या रात्री सोंगाड्या सुजल्या तोंडानं पुन्हा उभा राहिला. सुपारी घेतली होती, न राहून सांगतो कुणाला?

या गोष्टीत पाटील कुठं दिसतो? हसताना दिसतो, पैसे फेकताना दिसतो. मारताना दिसत नाही. त्याला मारायची गरजच नव्हती. तो बोलला असेल किंवा नुसता खाकरला असेल. गड्यांनी ओळखलं की धन्याला आवडलेलं नाही. धन्याच्या मनातलं धन्याच्या आधी ओळखायचं, यालाच गुलामी म्हणतात. बेडी घालायला लोहार लागतो. ही बेडी तर माणूस स्वतःच घालून घेतो, आणि वर तिला निष्ठा म्हणतो.

सोंगाड्याला बोलायची मुभा होती, मित्रांनो. हक्क नव्हता. मुभा आणि हक्क यांतला फरक नीट समजून घ्या. मुभा पाटील देतो आणि पाटीलच काढून घेतो. हक्क कुणाच्या बापाचा नसतो. तो कलम १९ मध्ये लिहिलेला आहे. बाबासाहेबांनी आणि त्या घटना समितीनं सोंगाड्याची मुभा काढली आणि त्याला हक्क दिला.

पण त्याच्या आधीच आपल्या माणसांनी तमाशाचा सांगाडा बदलायला घेतला होता. सत्यशोधकांनी जलसा काढला. गणातला गणपती गेला, गवळणीतली छेडछाड गेली. भटजी-सावकार पुढं आले आणि सोंगाड्या त्यांना प्रश्न विचारायला लागला. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा वस्त्यावस्त्यांत नेला. बाबासाहेबांनी या जलशांचं मोल आपल्या सभांहून जास्त मानलं, असं जुनी माणसं सांगतात. का मानलं? कारण भाषणानं माणूस पेटतो, पण भीती जाते ती हसण्यानं. ज्याला हसलो त्याच्या पाया कसा पडणार?

पुढं १९४४ साली लाल बावटा कलापथक निघालं. अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि आपल्या बार्शीचे अमर शेख. गिरणीमालक आणि मंत्री यांची या पथकानं रेवडी उडवली, आणि मुंबई सरकारनं पथकावर बंदी घातली. इंग्रजांचा १८७६ चा नाटकबंदीचा कायदा देश स्वतंत्र झाल्यावरही सत्तर वर्षं पुस्तकात राहिला. तो २०१८ साली निघाला. म्हणजे सोंगाड्याची भीती गोऱ्या साहेबाला होती तशी काळ्या साहेबालाही होती.

आणि आज? आज कायद्याला थांबायला वेळ नाही. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकीला धरलं. त्यानं तो आरोपातला जोक त्या दिवशी केलाही नव्हता. महिन्याहून जास्त काळ तो तुरुंगात होता, शेवटी सुप्रीम कोर्टानं जामीन दिला. २३ मार्च २०२५ च्या रात्री खारचा 'हॅबिटॅट' हा स्टुडिओ शिंदेंच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी फोडला, कारण कुणाल कामरानं एकनाथ शिंद्यांवर केलेला जोक तिथं रेकॉर्ड झाला होता. जोक कामराचा, खुर्च्या स्टुडिओच्या. दुसऱ्या दिवशी महापालिकाही हातोडा घेऊन हजर! आधी कार्यकर्ते, मागून सरकार. गाण्याचीही तीच गत. आपली शीतल साठे २०१३ साली पोटुशी असताना तुरुंगात गेली. गाणं म्हणणारी बाई, हसवणारा बाप्या, दोघांची भीती सारखीच.

आता तुमच्यातला एखादा उठून विचारेल. विचारलंच पाहिजे. म्हणेल, साहेब, हे सगळं ठीक आहे, पण हे स्टँडअपवाले काय आपले सोंगाडे आहेत होय? कॅफेतले, इंग्रजी झाडणारे, पाचशे रुपये तिकीट लावणारे. माईक उघडा म्हणतात, पण आमच्या वस्तीतल्या पोराला दारावरचा वॉचमनच अडवतो. आणि जोक कुणावर? आरक्षणावर. आमच्या आडनावावर. मोलकरणीवर, वॉचमनवर. रणदीप हुडा नावाच्या नटानं २०१२ साली मायावतींवर गलिच्छ जोक केला आणि समोरची सुशिक्षित माणसं फिदीफिदी हसली. बाई चार वेळा मुख्यमंत्री झाली तरी यांना तिची जात आणि तिचं रूपच दिसतं. त्यावर आम्ही टाळ्या वाजवायच्या काय?

नाही. वाजवायच्या नाहीत. वरून खाली थुंकणं याला विनोद म्हणत नाहीत, आमच्याकडं त्याला माज म्हणतात. सोंगाड्या खालून वर बोलतो. पाटलानं सोंगाड्यावर जोक केला तर त्यात कसलं आलं धाडस? ही ओळख तुम्ही पक्की ठेवा. कोण बोलतोय, कुणाबद्दल बोलतोय, आणि त्या दोघांत कोणाच्या हातात चाबूक आहे, एवढं बघा.

या मापानं सोलापूरचा जोक मोजा. सुशीलकुमार शिंदे ढोर समाजात जन्मले. याच गावच्या कोर्टात साधी नोकरी करत शिकले. मुख्यमंत्री झाले, देशाचे गृहमंत्री झाले. तो प्रवास कुणी हिणवला तर मी त्याच्या पुढं उभा राहीन. पण सिनेमात आलेल्या नातवाला हसणं म्हणजे ढोर समाजाला हसणं नाही. त्याला हसले ते त्याच्या नशिबाला, आयत्या मिळालेल्या दाराला. आजोबांनी उन्हात पाय भाजले, म्हणून नातवाच्या गाडीवर केलेला जोक जातीवरचा हल्ला होत नाही. हे न कळणारा माणूस उद्या कुठल्याही साहेबाच्या गाडीमागं पळेल.

आणि समजा, जोक खरंच आपल्यावर झाला, बाबासाहेबांवर झाला, तर काय? इथं मी आपल्याच घरातलं बोलणार आहे. २०१२ साल. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात शंकरचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. राज्यघटना गोगलगाय झालीय, तिच्यावर बाबासाहेब बसलेत, आणि मागं नेहरू चाबूक घेऊन उभे. संताप झाला. संताप खोटा नव्हता. ज्या देशात आजही चाबूक कुणाच्या पाठीवर पडतो हे आपल्याला माहीत आहे, तिथं ते चित्र बघून आतडं पिळवटणारच. ११ मे रोजी सरकारनं ते चित्र काढतो म्हणून संसदेत सांगितलं. आणि १२ मे रोजी पुण्यात विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या कार्यालयात आपल्यातलेच काही जण घुसले आणि तोडफोड केली. चित्र आदल्या दिवशीच निघालं होतं! मग खुर्च्या कशासाठी फोडल्या? आपण काय मिळवलं? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चित्रातला जातीचा प्रश्न गेला आणि फुटलेल्या काचा आल्या. 'बघा, यांना विनोद कळत नाही', असं म्हणायला सदाशिवपेठेला आयतं तोंड मिळालं.

पण त्याच अपमानाचं दुसरं उत्तरही निघालं. उन्नमती श्याम सुंदर नावाच्या आपल्या तरुणानं इंग्रजी पेपरांच्या जुन्या फायली उपसल्या. बाबासाहेबांवर त्या काळात निघालेली शंभराहून जास्त व्यंगचित्रं गोळा केली. एकेक चित्र समोर ठेवलं आणि विचारलं, यात बाबासाहेब एवढेसे का? यात हसायचं कुणाला होतं? २०१९ साली त्याचं 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक आलं. नामांकित व्यंगचित्रकारांच्या शाईतली जात त्यानं उघडी पाडली. एका काचेलाही हात न लावता! फुटलेल्या खुर्च्या विद्यापीठानं दुरुस्त केल्या असतील. ते पुस्तक कुणाला दुरुस्त करता येणार नाही.

तिसरं उत्तर आहे माईक हातात घेण्याचं. बीडची अंकुर तांगडे आज स्टेजवर उभी राहते आणि जातीवर बोलते. मंजीत सरकार बस्तरचा, मनाल पाटील मुंबईचा. या मंडळींनी मिळून 'ब्लू मटेरियल' नावानं खेळ केले. निळा रंग, आपला रंग. त्यांच्या खेळात मोलकरणीवर जोक नसतो. मोलकरणीला वेगळा कप देणाऱ्या बाईवर असतो. समोर बसलेला सवर्ण पोरगा आधी हसतो, मग हसता हसता थांबतो, कारण तो वेगळा कप त्याच्याच घरातल्या ओट्यावर असतो. असा जोक दगडापेक्षा लांब जातो.

आणि जातीवरून चारचौघांत शिवीगाळ, अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तो वापरा. कागद करा, साक्षीदार उभे करा. मुठीनं केस बिघडते आणि आपलाच पोरगा आत जातो. त्याला जामीन द्यायला कुठलाही साहेब येत नाही. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

सोलापूरकरांनो, तुमच्या गावात हुतात्म्यांचे चार पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० साली या गावावर मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला हे चौघे येरवड्यात फासावर गेले. चार धर्म-जातींची चार माणसं. त्यांचा राग उसना नव्हता, स्वतःचा होता, गावाचा होता. म्हणून त्यांचे पुतळे झाले. साहेबासाठी कुणाला तुडवणाऱ्याचा पुतळा कुठं बघितलाय का बे?

आता काम सांगतो. नुसतं भाषण देऊन जाणाऱ्याला तुम्ही हसलंच पाहिजे, आणि मला ते नको आहे.

एक. तुमच्या वस्तीत समाजमंदिर आहे. महिन्यातून एक रात्र तिथं माईक लावा. तिकीट नको, वॉचमन नको. विडी वळणारी मावशी बोलू द्या, यंत्रमागावरचा पोरगा बोलू द्या, कचरागाडीवरचा बोलू द्या. सोलापूरचं पोरगं एका दमात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलतं. मुंबईच्या कॅफेत ही श्रीमंती नाही.

दोन. पहिला जोक आपल्या पुढाऱ्यावर करा. फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेल्या आपल्याच भाऊ-दादावर. तो हसला तर माणूस आपला. त्यानं डोळे वटारले तर समजा, हाही पाटीलच निघाला, फक्त पागोटं निळं.

तीन. खेळ करणाऱ्याला एकटं सोडू नका. तो आपला असो, परका असो, त्याचा जोक तुम्हाला आवडो न आवडो. खेळ संपल्यावर त्याला स्टँडवर पोचवा, गाडीत बसवा आणि मग घरी जा. आवडला नसेल तर पुढच्या महिन्यात माईकवर या आणि त्याची पिसं काढा.

चार. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. उद्या कुणी तुमच्या खांद्यावर हात टाकून म्हणेल, 'साहेबांवर जोक केलाय एकानं, चला, बघून घेऊ.' त्या वेळी एकच प्रश्न विचारा. साहेबांना राग आला असेल तर साहेब का येत नाहीत? उत्तर मिळणार नाही. चहा मिळेल, पेट्रोल मिळेल, एखादी नोटही मिळेल. ती परत करा आणि घरी जा.

आपल्याला राग यायला कारणं कमी आहेत का? खैरलांजीचा राग आहे. गटारात गुदमरून मेलेल्या भावांचा राग आहे. रोहित वेमुलाचा राग आहे. आपला स्वतःचा राग एवढा आहे की तो सात पिढ्यांना पुरेल. मग दुसऱ्याचा उसना कशाला आणायचा?

आमच्या आज्याच्या फडातल्या त्या सोंगाड्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. मारणाऱ्या गड्यांचंही नाही. पण त्या गड्यांची नातवंडं आज तुमच्याबरोबर कॉलेजात बसत असतील, सोंगाड्याचीही बसत असतील. या दोघांची एकदा गाठ घालून द्या. एकाच माईकपुढं. पाटलाला काय वाटेल ते वाटू दे.

जयभीम.